कोपरखळी

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका सभागृहात पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीला गेलो होतो. पनवेलहून हार्बर लोकलने, दुपारचा डबा ऑफिसातच ठेवून. पहिला भाग संपला, मन भरून आलं आणि मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकट्याच्याच. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवून माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की हात मांडीवर कसे ठेवावेत हेही मला कळेना. चारही भाग संपल्याशिवाय टाळी वाजवायची नसते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हात ऐकले नाहीत.

परतीच्या गाडीत एक प्रश्न डोक्यात घुसला तो आजवर निघालेला नाही. श्रोत्याने दाद केव्हा द्यावी, किती द्यावी, हे ठरवतं कोण? आणि श्रोत्याने दिलेल्या दादेचं पुढे काय होतं? संगीताचा इतिहास लिहिणारे रचनाकार आणि वादक यांच्या तारखा चोख देतात. समोर बसलेल्यांचं काय झालं हे एखाद्या वाक्यात उरकतात. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची. पाश्चात्त्य स्वरलिपी मला आजही अडखळतच वाचता येते. तेव्हा रचनांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण श्रोत्यांवर बोलायला हरकत नसावी, कारण तेवढा एक अनुभव माझ्यापाशी आहे.

मुळात ही शांततेची शिस्त फार जुनी नाही. १७७८ च्या जुलैमध्ये मोझार्टने पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या सिम्फनीतल्या एका जागेला लोकांनी मधेच टाळ्या दिल्या याचा आनंद सांगितला आहे. ती जागा टाळी घेणार हे त्याने आधीच ताडलं होतं. आपल्या संगीत नाटकांत तर ‘वन्स मोअर’ आला की नाटकातला प्रसंग थांबायचा, पण पद पुन्हा व्हायचं. बैठकीत समेवर ‘क्या बात है’ निघालं नाही तर गवयाला चुकल्यासारखं वाटतं. दाद म्हणजे गाणं संपल्यावर चुकती करायची रक्कम नव्हे, ती गाण्यातच मिसळते.

या प्रश्नासाठी मी एकच वादक आणि एकच रचना निवडली. वादक मस्तिस्लाव रॉस्त्रोपोविच. जन्म १९२७, बाकू. मृत्यू २००७, मॉस्को. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा चेलोवादक म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. रचना म्हणजे दिमित्री शोस्ताकोविचने १९५९ मध्ये त्याच्यासाठी लिहिलेला पहिला चेलो कॉन्चेर्टो. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासमोर सबंध वाद्यवृंद. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातलं, पण खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं वाद्य. हिंदी चित्रपटसंगीतातून त्याचा खर्ज आपल्या कानांवर नकळत पडलेला असतो. राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यक बासू चक्रवर्ती हे मूळचे चेलोवादकच.

या रचनेची पूर्वपीठिकाही एका श्रोत्याचीच आहे. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॉस्कोत रॉस्त्रोपोविचने सर्गेई प्रोकोफिएवची चेलोसाठीची मोठी रचना पहिल्यांदा वाजवली. संचालन करत होता स्वियातोस्लाव रिख्टर. हा जगप्रसिद्ध पियानोवादक. बोटाला दुखापत झाल्यामुळे त्याने संचालनाची छडी हाती घेतली आणि पुन्हा कधीही घेतली नाही. त्या संध्याकाळी दाद थंड होती. प्रोकोफिएवने रचना पुन्हा दुरुस्त केली. आज ती ‘सिम्फनी-कॉन्चेर्टो’ या नावाने वाजते. पण हे नवं रूप लोकांसमोर येण्याआधीच, ५ मार्च १९५३ रोजी, तो वारला. स्टालिनही त्याच दिवशी गेला, त्यामुळे त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा दबून गेली. मात्र ही रचना एका श्रोत्याच्या कानांत राहिली होती. शोस्ताकोविचने पुढे उघड सांगितलं की, प्रोकोफिएवची ही रचना ऐकूनच आपल्याला चेलोसाठी लिहावंसं वाटलं. म्हणजे मॉस्कोतल्या त्या थंड सभागृहाची थकलेली दाद सात वर्षांनी एका नव्या कॉन्चेर्टोच्या रूपाने चुकती झाली.

शोस्ताकोविचकडून काही लिहून घ्यावं ही रॉस्त्रोपोविचची जुनी इच्छा. त्यासाठी काय करावं, असं त्याने शोस्ताकोविचच्या पत्नीला, नीनाला विचारलं होतं. तिचं उत्तर असं की, उपाय एकच, त्याच्याकडे कधी मागू नकोस आणि त्याबद्दल बोलूही नकोस. तो गप्प राहिला. १९५९ च्या उन्हाळ्यात रचना तयार झाली. २ ऑगस्टला स्वरलिपी हातात पडली आणि चार दिवसांनी तो लेनिनग्राडजवळच्या कोमारोवोला शोस्ताकोविचच्या घरी हजर. कागद ठेवायला स्टँड आणतो, असं यजमान म्हणाला, तेव्हा त्याची गरज नाही असं पाहुण्याने सांगितलं. सगळं पाठ होतं.

४ ऑक्टोबर १९५९ रोजी लेनिनग्राडमध्ये पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद लेनिनग्राड फिलहार्मोनिक, संचालक येवगेनी म्राविन्स्की. म्राविन्स्कीचं नाव वाचलं की त्या शहरातल्या आणखी एका संध्याकाळची आठवण येते. २१ नोव्हेंबर १९३७. त्याआधीच्या वर्षी ‘प्रावदा’ने शोस्ताकोविचवर झोड उठवली होती, त्या काळात अशा टीकेचा अर्थ जीवाशी येऊ शकत होता. म्राविन्स्कीने त्याची पाचवी सिम्फनी वाजवली. संथ भागात लोक रडले, शेवटी टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक चालल्या. म्राविन्स्कीने स्वरलिपीच डोक्यावर उंच धरली. त्यानंतर मॉस्कोहून दोन अधिकारी आले, सभागृहात मुद्दाम निवडून आणलेले लोक तर बसवले नव्हते ना हे तपासायला. दादेची सरकारी चौकशी! टाळी किती वाजली यापेक्षा ती का वाजली, हा प्रश्न सत्तेला छळत होता. टाळीला शब्द नसतात, म्हणून ती खोडताही येत नाही.

आता कॉन्चेर्टोकडे वळू. चेलो पहिल्या क्षणी चार स्वर मांडतो. हे चार स्वर मग पाठ सोडत नाहीत. वाद्यवृंदात तुताऱ्यांचा ताफा नाही. पितळी वाद्य एकच, हॉर्न. तो चेलोशी कधी भांडतो, कधी त्याला साथ देतो. दुसऱ्या भागापासून शेवटापर्यंत थांबा नाही. तिसरा भाग सबंध एकट्या चेलोचा. वाद्यवृंद गप्प, आणि एक माणूस आधीचं सगळं आठवत स्वतःशी बोलत असल्यासारखा. मग धावत शेवटचा भाग येतो.

याच शेवटच्या भागात शोस्ताकोविचने एक कोपरखळी मारून ठेवली आहे. ‘सुलिको’ हे जॉर्जियातलं प्रेमगीत, प्रेयसीची कबर शोधणाऱ्याचं. ते स्टालिनचं अत्यंत आवडतं होतं. त्यामुळे ते सोव्हिएत देशात घरोघरी माहीत होतं. शोस्ताकोविचने त्या गाण्याचा एक तुकडा घेतला, मोडला, वाकवला आणि धावत्या सुरांमध्ये पेरला. तो इतका बेमालूम की खुद्द रॉस्त्रोपोविचलाही ओळखता आला नाही. शोस्ताकोविचने गुणगुणून दाखवला तेव्हा कुठे लक्षात आलं. एरवी आपल्याला कधीच समजलं नसतं, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे.

इथे मी बराच काळ अडकलो. सबंध रचना चार दिवसांत पाठ करणाऱ्या माणसाला जे ऐकू आलं नाही, ते खुर्चीत बसलेल्यांना काय ऐकू येणार? मग लेनिनग्राडच्या त्या श्रोत्यांनी दाद दिली ती कशाला? आणि अर्थ न कळता दिलेली दाद खरी मानायची का?

याचं उत्तर मला लंडनमध्ये सापडलं. २१ सप्टेंबर १९६० रोजी तिथल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लेनिनग्राड फिलहार्मोनिकचा कार्यक्रम होता. संचालक गेनादी रॉझ्देस्त्वेन्स्की, वादक रॉस्त्रोपोविच, रचना हाच कॉन्चेर्टो. शोस्ताकोविच स्वतः प्रेक्षकांत बसला होता आणि शेजारी इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ संगीतकार बेंजामिन ब्रिटन. कार्यक्रमानंतर शोस्ताकोविच रॉस्त्रोपोविचकडे तक्रार करू लागला की, माझ्या बरगड्या दुखताहेत. का? तर वादनातली एखादी जागा आवडली की ब्रिटन त्याला कोपराने ढोसायचा आणि किती सुंदर म्हणायचा. आणि त्याला आवडलेल्या जागा फार होत्या!

ही हकिगत रॉस्त्रोपोविचने सांगितलेली आहे आणि तो गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होता, हे संशोधक म्हणून मी नोंदवतो. बरगड्यांचं दुखणं थोडं कमी-जास्त धरा. पण त्या रात्रीचे परिणाम कागदोपत्री आहेत. शोस्ताकोविचने दोघांची ओळख करून दिली. रॉस्त्रोपोविचने ब्रिटनकडे रचना मागितली. या वेळी न मागण्याचा सल्ला द्यायला कोणी नव्हतं. १९६१ मध्ये चेलो आणि पियानोसाठी सोनाटा झाला, १९६४ मध्ये मॉस्कोत चेलो सिम्फनी वाजली, आणि पुढे एकट्या चेलोसाठी तीन रचना. एकूण पाच. शिवाय १९६९ मध्ये शोस्ताकोविचने आपली चौदावी सिम्फनी ब्रिटनला अर्पण केली. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन विरोधी गोटांतल्या माणसांमध्ये हे घडलं, आणि त्याची सुरुवात एका कोपराने झाली.

ब्रिटनला त्या रात्री ‘सुलिको’ ओळखता आलं असण्याची गरजच नव्हती. सभागृहाच्या शिस्तीत तोंडाने ‘वाहवा’ म्हणता येईना, टाळी वाजवता येईना, म्हणून दाद कोपरातून बाहेर पडली. आपला बैठकीतला रसिक शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारतो, त्यातलीच ती. माझ्या पडलेल्या टाळीची लाज त्या दिवशी मला पहिल्यांदा कमी वाटली.

तरीही दाद नेहमी निर्मळच असते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आठ वर्षांनी त्याच शहरात, २१ ऑगस्ट १९६८ च्या संध्याकाळी, रॉस्त्रोपोविच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मॉस्कोच्या वाद्यवृंदासोबत वाजवायला बसला. आदल्या रात्री सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. कार्यक्रमपत्रिका कधीच छापून झाली होती आणि तिच्यावर होता चेक संगीतकार ड्वोर्झाकचा कॉन्चेर्टो. बाहेर निदर्शनं, आत आरडाओरडा. लोक चेलोवादकाला नव्हे, त्याच्या पासपोर्टला प्रतिसाद देत होते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? रॉस्त्रोपोविच वाजवताना रडत होता. संपल्यावर त्याने ड्वोर्झाकची स्वरलिपी हातात धरून उंचावली. एकतीस वर्षांपूर्वी म्राविन्स्कीने केलं होतं अगदी तेच. दोन्ही वेळी कलाकाराने एक शब्द न बोलता श्रोत्यांना उत्तर दिलं होतं. पुढे सोल्झेनित्सिनची बाजू घेतल्यामुळे त्याला १९७४ मध्ये देश सोडावा लागला आणि १९७८ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

आता शेवटची नोंद. ती पनवेलची आणि घरची आहे.

८ नोव्हेंबर १९५९ रोजी, शोस्ताकोविच अमेरिकेत असताना, फिलाडेल्फियात यूजीन ऑर्मंडीच्या संचालनाखाली या कॉन्चेर्टोचं रॉस्त्रोपोविचने ध्वनिमुद्रण केलं. त्या रेकॉर्डची एक प्रत मला चोरबाजारात मिळाली होती, कव्हर फाटलेलं, एका बाजूला ओरखडा. ती मी घरी लावली तेव्हा वडील झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. ते आळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. परदेशी संगीत म्हणजे त्यांच्या लेखी लग्नातला बँड. पहिला भाग संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, हा इतक्यांदा तेच तेच सांगतोय, म्हणजे याचं कोणीतरी ऐकत नाहीये.”

मी तेव्हा हसलो. त्यांना शोस्ताकोविच कोण, ‘प्रावदा’ने काय लिहिलं, यातलं काही मी सांगितलं, तर काही सांगायचा कंटाळा केला. रेकॉर्ड उलटवून दुसरी बाजू लावली. नंतरची वीस वर्षं जी पुस्तकं जमवली, ज्या तारखा ताडून पाहिल्या, त्या सगळ्यांनी मला हळूहळू त्याच वाक्यापाशी आणून सोडलं. तेच चार स्वर, पुन्हा पुन्हा, ऐकून न घेणाऱ्या कोणाला तरी. वडिलांना ‘सुलिको’ ठाऊक नव्हतं, पण रॉस्त्रोपोविचलाही ते कुठे ऐकू आलं होतं? कोपरखळी कोणाला मारली हे न कळताही ती मारली आहे हे त्यांना कळलं होतं.

त्यांची दाद मी त्या दिवशी कुठेही लिहून ठेवली नाही. तारीख आठवत नाही. ज्याने आयुष्यभर श्रोत्यांच्या नोंदी शोधल्या, त्याने घरातला एकच श्रोता असा हातचा घालवला. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणून ती नोंद इथे करतो आहे, लेनिनग्राड आणि लंडनच्या शेजारी, त्याच रांगेत.