शेवयांच्या पुड्यावरचे इटालियन नाव

स्वयंपाकघरातला शेवयांचा पुडा एकदा उलटा करून त्याची इंग्रजी बाजू वाचा. तिथे 'व्हर्मिसेली' असा शब्द छापलेला असतो. रव्याच्या पुड्यावर 'सेमोलिना' असते. आपल्याला वाटते, आपल्या पदार्थांचे हे इंग्रजी भाषांतर. पण यातला एकही शब्द मुळात इंग्रजांच्या घरचा नाही. दोन्ही इटलीतून आलेले.

व्हर्मिसेली म्हणजे इटालियन भाषेत 'बारीक किडे'. अळ्या म्हणा हवे तर! इंग्रजांनी या नावाचे इमानदारीने भाषांतर केले असते, तर लंडनच्या मेजावर त्या वाडग्याला कोणी चमचा लावला नसता. सतराव्या शतकात त्यांनी शब्द होता तसाच उचलला. परक्या नावात एक तोरा असतो, हेही त्याचे कारण असावे. पुढे 1770 च्या सुमारास इटलीची सफर करून आलेल्या, उंच उंच टोप चढवून मिरवणाऱ्या श्रीमंत पोरांना लंडनमध्ये 'मॅकरोनी' म्हणूनच चिडवीत. खाण्याचा पदार्थ आणि छानछोकी, दोन्हींना एकच नाव.

हाच इंग्रज हिंदुस्थानात आला. आपल्या आज्या-पणज्या उन्हाळ्यात पाटावर वळीत, काठीवर वाळत घालीत, त्या शेवया त्याने पाहिल्या तेव्हा त्याच्यापाशी जवळचा शब्द हाच होता. गंमत अशी, की इटलीत व्हर्मिसेली स्पॅगेटीपेक्षा थोडी जाडच असते. इंग्रजीत येता येता ती बारीक झाली. आपल्या पुड्यावर नाव इटलीचे, आणि आत दुधात शिजणारी आपली शेवई.

हे सारे सांगण्याचे कारण माझा व्यवसाय. मी नवी मुंबईत राहते आणि इटलीहून येणाऱ्या खाद्यपदार्थांच्या वेष्टणांवरचा मजकूर इंग्रजीत आणते. न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झाले. मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशीला आला. परदेशी मालाचे डबे-बाटल्या उतरवून घेणारे व्यापारी आसपासच आहेत. कायद्याप्रमाणे वेष्टणावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो. मग इटालियन शब्दांची यादी माझ्यासारखीपुढे येते आणि पहिला प्रश्न पडतो तो हा, की यातले कशाचे भाषांतर करायचे आणि काय हात न लावता ठेवायचे.

नावाला हात लावू नये, हे इटलीने जगाला कोर्टकचेऱ्या करून शिकवले आहे. 'पार्मिजानो रेज्जानो' हे चीज. त्याच्या नावातच पार्मा आणि रेज्जो ही गावे आहेत. युरोपात 1992 साली अशा नावांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि 1996 मध्ये हे नाव नोंदले गेले. तरी 'पार्मेझान' या सुटसुटीत नावाखाली दुसरेच चीज विकले जाई. 2008 साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की 'पार्मेझान' म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात मूळ चीजच उभे राहते, तेव्हा संरक्षण या शब्दालाही लागू. म्हणजे भाषांतर करूनसुद्धा नावावरचा हक्क सुटत नाही! वाइनवाले तर त्याहून पुढे गेले. 'प्रोसेक्को' हे द्राक्षाच्या जातीचे नाव होते आणि जात कोणीही कुठेही लावू शकतो. म्हणून 2009 साली त्यांनी द्राक्षाचे नाव बदलून 'ग्लेरा' केले आणि त्रिएस्तेजवळच्या प्रोसेक्को गावाचा आधार घेऊन वाइनचे नाव प्रदेशाच्या नावे करून टाकले. आपल्या कोकणातल्या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते 2018 साली. नोंदीच्या बातम्यांत नाव मात्र 'अल्फान्सो', म्हणजे पुन्हा पोर्तुगीज.

वाइनच्या बाटलीवर शब्दकोश उघडून बसणारा तर हमखास फसतो. 'मोंतेपुल्चानो' हे तोस्कानातल्या एका गावाचे नाव आणि तेच एका द्राक्षाचेही. त्या गावची प्रसिद्ध वाइन प्रामुख्याने सांजोवेझे या दुसऱ्याच द्राक्षाची, आणि त्या द्राक्षाची नावाजलेली वाइन येते आब्रुत्सो प्रांतातून. अशा ठिकाणी अक्षरही बदलू नये. 'सेक्को' म्हणजे कोरडी, इंग्रजीत ड्राय. साखर जवळजवळ न उरलेली, एवढाच अर्थ. आपल्याकडे मात्र 'ड्राय' शब्द ऐकला की दुकान बंद असल्याचा दिवस आठवतो.

खरी जबाबदारी सुरू होते ती नावाखालच्या बारीक अक्षरांत. तिथे मूळ शब्द ठेवून भागत नाही. पास्त्याच्या पुड्यावर 'ग्रानो दुरो' लिहिलेले असते. इंग्रजीत ड्युरम. हा परका गहू नव्हे, आपला बन्सी गहू त्याच जातीतला. 'फार्रो'ची गोष्ट याहून नाजूक. इटलीत तीन जुन्या गव्हांना मिळून फार्रो म्हणतात, पण बाजारात बहुधा येतो तो 'दिकोक्को'. म्हणजे सांगली-साताऱ्याकडची आपली खपली! इंग्रजीत त्याला पुष्कळदा 'स्पेल्ट' लिहून मोकळे होतात. स्पेल्ट हा वेगळा गहू आहे. आणि तिन्ही शेवटी गहूच. ज्या मुलाला गव्हातले ग्लुटेन सोसत नाही, त्याच्या आईने 'फार्रो' हे गोंडस नाव वाचून एखादे निराळे धान्य समजून डबा घेतला, तर काय होईल? म्हणून तिथे 'गहू' हा शब्द मी घातल्याशिवाय राहत नाही. नाव लांबते, चिकटपट्टीवर जागा पुरत नाही, आणि व्यापारी कुरकुरतो.

चीजच्या माहितीपत्रकात एक शब्द असतो, 'काल्यो'. दूध फाडून घट्ट करणारे द्रव्य. विरजण म्हणावे असा मोह होतो, पण विरजण निराळे; त्यात दह्याचे जिवंत जंतू असतात. काल्यो म्हणजे रेनेट. ते वासराच्या जठरातून काढतात, बुरशीपासून करतात, काही वनस्पतींपासूनही मिळते. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमात वासराचेच रेनेट सांगितले आहे. इतर चीजमध्ये यांपैकी कुठलेही असू शकते. एका व्यापाऱ्याने मला सुचवले होते, की 'एन्झाइम' एवढेच लिहा ना, खोटे तर नाही! खोटे नव्हतेच. पण वाशी-नेरुळमधल्या कितीतरी शाकाहारी आणि जैन घरांत पिझ्झ्यासाठी हेच चीज आणले जाते. मी इटलीला पत्र पाठवून विचारले, काल्यो कोणते? चार दिवसांनी उत्तर आले: 'मिक्रोबिको', बुरशीपासूनचे. तो जादा शब्द बसावा म्हणून चिकटपट्टीची अक्षरे थोडी बारीक करावी लागली.