शस्त्रक्रियागृहातील परिचर्या प्रशिक्षण

शस्त्रक्रियागृहातील परिचर्या प्रशिक्षण हा परिचर्या शिक्षणातील प्रात्यक्षिकाचा एक भाग आहे. यात विद्यार्थी अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी काम शिकतात.

अभ्यासक्रम

भारतातील परिचर्या शिक्षणाचे निकष १९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरवते. महाराष्ट्रात एम.एस्सी. नर्सिंग ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी प्रामुख्याने नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत दिली जाते. या विद्यार्थ्यांना रुग्णसेवेचा पूर्वानुभव असतो. मात्र तो केवळ वॉर्डातील असल्यास शस्त्रक्रियागृहात त्यांना पुन्हा नवशिक्याप्रमाणे सुरुवात करावी लागते.

भूमिका

स्क्रब नर्स हात निर्जंतुक करून गाऊन व हातमोजे घालते आणि शल्यचिकित्सकाला उपकरणे देते. सर्क्युलेटिंग नर्स निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून साहित्य पुरवते, नोंदी ठेवते आणि निर्जंतुकतेच्या नियमांवर लक्ष ठेवते. विद्यार्थी प्रथम निरीक्षण करतात व नंतर टप्प्याटप्प्याने दोन्ही कामे शिकतात.

मोजणी व सुरक्षितता

गॉज, सुया व उपकरणे यांची मोजणी दोघींनी मिळून मोठ्याने करायची असते. ती छेद घेण्यापूर्वी, शरीरपोकळी बंद करण्यापूर्वी व त्वचा शिवताना होते. मोजणी जुळली नाही तर शोध घेतला जातो आणि वस्तू न सापडल्यास क्ष-किरण तपासणी केली जाते. त्यासाठी गॉजमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा असतो. पोटात राहिलेल्या गॉजमुळे जंतुसंसर्ग होऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणूनच मोजणीतील तफावत किंवा निर्जंतुकतेचा भंग दिसताच, समोर वरिष्ठ शल्यचिकित्सक असले तरी, तसे स्पष्टपणे सांगणे हा या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड आणि महत्त्वाचा धडा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ मुद्द्यांच्या तपासणी सूचीत भूल देण्यापूर्वी, छेदापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी असे तीन टप्पे आहेत. मोजणीची खातरजमा तिसऱ्या टप्प्यात होते.

इंदापूर–बारामती परिसर

पुणे जिल्ह्यात बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तर इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. सर्वसाधारणपणे तालुका पातळीवर सिझेरियन, कुटुंबनियोजन, हर्निया अशा शस्त्रक्रिया होतात. मनुष्यबळ मर्यादित असल्याने तेथे एकाच परिचारिकेला अनेक कामे सांभाळावी लागू शकतात. महाविद्यालयीन रुग्णालयात शस्त्रक्रियांचे वैविध्य अधिक असते, परंतु विद्यार्थी अनेक असल्याने प्रत्येकाला प्रत्यक्ष कामाची संधी कमी मिळू शकते. पुणे–सोलापूर महामार्ग इंदापुरातून जात असल्याने अपघातग्रस्तांवरील तातडीच्या उपचारांची सज्जताही या परिसरात महत्त्वाची आहे.