जुन्या युद्धनौकेचे अवशेष समुद्रात कसे शोधतात?

आमच्या घोडेगावला समुद्र नाही, विहिरी आहेत. विहिरीत बादली पडली की आम्ही गळ टाकून चाचपडत बसतो. विजयदुर्गाच्या तटावरून खाडी बघताना मला तेच आठवलं. इथे तर अख्खं आरमार जळालं, ते कसं चाचपडणार?

फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं इंग्रज आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज विजयदुर्गावर चालून आली. एका तोफगोळ्याने 'रिस्टोरेशन' हे जहाज पेटलं. आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्रे यांचं आरमार त्यात जळून गेलं.

अशा जहाजाचं काय उरतं?
उघडं राहिलेलं लाकूड सागरी किडे पोखरून संपवतात. गाळात गाडलेला तळाचा भाग मात्र टिकू शकतो. शिवाय तोफा, नांगर आणि जहाजाचा तोल राखायला तळाशी भरलेले दगड उरतात.

शोधायची साधनं
१. साइड-स्कॅन सोनार: होडीमागे ओढतात. ध्वनीच्या प्रतिध्वनीतून तळाचं चित्र मिळतं, पण गाळाखालचं दिसत नाही.
२. सब-बॉटम प्रोफायलर: याचा कमी कंपनाचा ध्वनी गाळात शिरतो आणि आतले थर दाखवतो.
३. मॅग्नेटोमीटर: लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजतो. अंतर दुप्पट झालं की हा फरक आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून यंत्र तळाच्या जवळून न्यावं लागतं.

इथे एक अडचण आहे. आमच्या शेतांखाली जो काळा बेसॉल्ट आहे, तोच कोकणातही आहे आणि तो स्वतःच चुंबकीय असतो. त्यामुळे नुसत्या एका आकड्यावर भरवसा ठेवत नाहीत. तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून जागा ठरवतात, मगच पाणबुडे उतरतात.

जहाज कुणाचं, हे कसं ठरवतात?
सर्वात जास्त चूक इथेच होते. इंग्रजी तोफ सापडली म्हणजे जहाज इंग्रजांचं, असं नाही. 'रिस्टोरेशन' मुळात ईस्ट इंडिया कंपनीचं, आंग्र्यांनी पकडलेलं! म्हणून तोफ, लाकडाची जात, खिळे आणि भांडी हे सगळं एकत्र तपासतात. कुठली वस्तू कुठे पडली होती, याची नोंद वस्तूइतकीच महत्त्वाची असते.

किनाऱ्यावर तुम्हाला काही दिसलं तर?
उचलू नका. लोखंडात मुरलेलं मीठ वाळलं की शतकानुशतकं टिकलेली वस्तूही पापुद्रे सुटून फुटते. प्रयोगशाळेत ते मीठ काढायला महिने, कधी वर्षं लागतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन नोंदवा आणि पोलीस, तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

विहिरीतल्या बादलीला गळ चालतो. इथे मात्र गळ टाकला, तर पुरावाच विस्कटतो.