तळटीप : उंदरांच्या निरोगी आयुष्याचे मोजमाप

* निरोगी आयुष्य : प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन-अडीच वर्षे जगतो. त्याचे आयुर्मान मोजायला जन्म आणि मृत्यूच्या तारखा पुरतात. त्यातला निरोगी काळ किती, हे मात्र ठरवावे लागते. त्यासाठी कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली मांडलेला जर्जरता निर्देशांक बराच वापरला जातो. यात उंदराला इजा न करता ३१ लक्षणे तपासतात : केसगळती, पाठीचे पोक, मोतीबिंदू, चाल, पकडीची ताकद, वजन, शरीराचे तापमान इत्यादी. बहुतेक लक्षणांना ०, ०.५ किंवा १ गुण देतात. बेरजेला ३१ने भागले की ० ते १ मधला आकडा मिळतो. तो जितका मोठा, तितका उंदीर जर्जर. ठरावीक काळाने हीच तपासणी केल्यास निरोगी दिवस वाढले की नुसतेच आजारपण लांबले, हे कळते. कॅलिफोर्नियातील बक संस्थेच्या २०२० सालच्या प्रयोगात अल्फा-कीटोग्लुटरेट हे संयुग दिलेल्या नरांचे आयुष्य फारसे वाढले नाही, जर्जरता मात्र घटली. गुण देणे बरेचसे तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्याने कोणत्या उंदराला औषध दिले आहे, हे त्याला कळू द्यायचे नसते. – संपा.