मशालचीतली 'ची' कोणाची?

आमचे देगलूर तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेलगतचे. तालुक्यातली बोली ऐकून बाहेरचा माणूस कधी कधी म्हणतो, "ही कसली मराठी? ही तर खिचडी!" आमच्या मुलांना हे ऐकून आपल्या बोलीची लाज वाटू लागते. म्हणून या आरोपाची थोडी तपासणी करू.

1948 पर्यंत देगलूर निजामाच्या राज्यात होते. त्याआधीची दख्खनमधली काही घराणीही बाहेरून आलेली. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा इराणमधल्या हमदानकडचा तुर्कमान. त्याच्या नावातच तुर्की व्याकरण आहे. 'कुल' म्हणजे सेवक आणि शेवटची 'ई' म्हणजे 'त्याचा'. अर्थ झाला सुलतानाचा सेवक. आपण 'चा' मालकाला लावतो, इथे प्रत्यय सेवकाला लागला आहे. 'बेगम' हा शब्दही तसाच. 'बेग' म्हणजे सरदार, आणि त्यापुढचा 'म' म्हणजे 'माझा', असे भाषाभ्यासक सांगतात.

तुर्कस्तानच्या आजच्या भाषेत घराला 'एव' म्हणतात. 'एविम' म्हणजे माझे घर, 'एविमदे' म्हणजे माझ्या घरात. प्रत्यय मण्यांसारखे एकापुढे एक ओवले जातात. तिथे लिंगभेद नाही, त्यामुळे 'माझा, माझी, माझे' असे तीन प्रकारही नाहीत. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी बहुतेक नामे रूप बदलतात. घोडा, पण घोड्याला. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो.

आता मशालची आणि खजिनची हे शब्द घ्या. ही 'ची' आपली षष्ठीची नव्हे. ती असती तर 'मशालीची', 'खजिन्याची' असे झाले असते. सामान्यरूप झालेले नाही, यावरूनच ती परकी ठरते. ते काम करणारा, असा अर्थ देणारा हा तुर्की प्रत्यय फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला.

पण तो नामाची विभक्ती चालवायला आला नाही, त्या शब्दांतच गोठून राहिला. बेगमेतला 'म' आज कोणालाही 'माझा' म्हणून ऐकू येत नाही. तिच्याविषयी बोलताना आपण 'बेगमेने', 'बेगमेला' असेच म्हणतो. पाहुणा शब्द घरात आला, पण त्याला चालावे लागले आपल्याच विभक्तीने.

भाषेची ओळख शब्दांच्या यादीवरून ठरत नाही, ती प्रत्ययांवरून ठरते. देगलूरच्या मुलाने एका वाक्यात चार परके शब्द वापरले, तरी त्यांना 'ने, ला, चा, त' लागत असतील तर ते वाक्य मराठीच आहे. ते त्याने ताठ मानेने बोलावे.