गोषवारा आणि हिशेब

संख्यांचा अर्थ सभेपुढे मांडण्याचे काम १९८७ साली ‘पॉवरपॉइंट’ आल्यापासून सुकर झाले हे निर्विवाद. परंतु त्यामुळे आकडेमोड एका दफ्तरात राहू लागली, तिचा गोषवारा दुसऱ्याच दफ्तरात जाऊ लागला आणि दोहोंची रुजुवात घेण्याचे साधन श्रोत्यांपाशी उरले नाही. २००३ च्या फेब्रुवारीत ‘कोलंबिया’ यानाचा सात अंतराळवीरांसह नाश झाल्यावर चौकशी मंडळाने माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाचा हवाला देऊन ज्या स्लाइडकडे बोट दाखविले, तिच्यात उड्डाणावेळी यानाच्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याचे आकारमान सुमारे १९२० घन इंच आणि ज्या चाचण्यांवर भिस्त ठेवली त्यांतील तुकडा अवघा ३ घन इंचांचा, ही भयंकर तफावत तळाच्या पोटकलमात पडून होती!

उपायाचे बीज मात्र आधीच पेरले गेले होते. प्रोग्रॅम आणि त्याचे विवेचन एकाच लेखात गुंफावे हा डोनाल्ड नुथ यांचा १९८४ मधील विचार फ्रीड्रिख लाइश यांनी २००२ मध्ये ‘स्वीव्ह’द्वारा ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत आणला, तेव्हा मूळ आकडे बदलताच दस्तऐवज पुन्हा तयार करून त्यातील कोष्टकेही बदलू लागली. तिकडे एरिक मायर यांनी २००४ मध्ये साध्या वेबपानापासूनच स्लाइडा घडविल्या. २००६ मध्ये मॉन्टेरे येथे हान्स रोसलिंग यांनी देशोदेशींचे आयुर्मान हलत्या बुडबुड्यांनी दाखवून सभा जिंकली खरी, परंतु माझ्या मते सूत्रे तेथेही वक्त्याच्याच हाती होती.

ती श्रोत्याच्या हाती देण्याची सोय २०१२ मध्ये ‘आर’मधूनच परस्परसंवादी वेबपाने घडविणाऱ्या ‘शायनी’ने केली, आणि त्याच सुमारास रामनाथ वैद्यनाथन यांच्या ‘स्लिडिफाय’ने एकाच मजकुराच्या फाइलीतून विवेचन, गणित व चालता आलेख ब्राउझरमधील स्लाइडांवर एकत्र आणले; त्यामुळे ‘अमुक वर्ष वगळले तर?’ असे कोणी विचारताच सरकपट्टी हलवून तिथल्या तिथे उत्तर काढता येऊ लागले. यातही मेख होती: ‘शायनी’च्या स्लाइडमागे ‘आर’ सतत चालू असावे लागे, आणि सर्व्हर बंद पडला की आलेख मुका होई, म्हणून पुढे ब्राउझरमध्येच चालणारे आलेख घडविणाऱ्या ‘एचटीएमएल विजेट्स’नी आकडे स्लाइडच्या फाइलीतच साठवून घेण्याचा मार्ग पत्करला, ज्यामुळे फाइल अवजड झाली तरी ती सर्व्हरवाचून चालू लागली.