ऑसबर्न १

ऑसबर्न १ : व्यापारी यश मिळवणारा पहिला सुवाह्य वैयक्तिक संगणक. अमेरिकेतील ऑसबर्न कंप्युटर कॉर्पोरेशनने तो एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्ट कोस्ट कंप्युटर फेअर या प्रदर्शनात मांडला. किंमत १,७९५ डॉलर व वजन सुमारे ११ किग्रॅ. होते. मूळ कल्पना ॲडम ऑसबर्न (१९३९–२००३) यांची. संगणकविषयक पुस्तकांचे लेखक व प्रकाशक असलेल्या ऑसबर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले आणि अखेरचे दिवस कोडाइकॅनालला. यंत्राची रचना ली फेल्सनस्टाइन या अभियंत्याने केली.

रचना : विमानात आसनाखाली मावेल एवढी प्लॅस्टिकची पेटी, हे मोजमाप आधी ठरले आणि बाकीचे भाग त्यात बसवले गेले. प्रवासात कळफलक झाकणाप्रमाणे दर्शनी बाजूवर बसे. खिट्ट्या सोडल्या की तो खाली उतरे व चपट्या केबलने यंत्राला जोडलेला राही. दर्शनी बाजूस मधोमध ५ इंची एकरंगी पडदा, दोन्ही अंगांना ५¼ इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि ड्राइव्हखाली फ्लॉपी ठेवण्याचे कप्पे होते. मूळ प्रकारच्या एका फ्लॉपीवर सुमारे ९० किलोबाइट मजकूर मावे. यंत्र कुठेही नेता येई, पण अंगची बॅटरी नसल्याने चालवण्यासाठी भिंतीतला प्लग लागे.

आत ४ मेगाहर्ट्‌झ गतीचा झायलॉग झेड-८० हा प्रोसेसर व ६४ किलोबाइट मेमरी होती. दोन ड्राइव्हच्या बेचक्यात बसवायचा म्हणून पडदा लहान झाला व त्यावर ५२ अक्षरांच्या २४ ओळीच दिसू शकत. टंकलिखित पानाला मात्र ८० अक्षरांची ओळ लागते. फेल्सनस्टाइन यांनी यावर काढलेला तोडगा या रचनेतला सर्वांत विलोभनीय भाग आहे. मेमरीत १२८ अक्षरांच्या ३२ ओळींचे पान राखून ठेवले होते. १२८ गुणिले ३२ म्हणजे ४,०९६, अर्थात नेमके ४ किलोबाइट. पडदा ही त्या पानावर सरकणारी खिडकी. कंट्रोल व बाणाची कळ दाबली की मजकूर आडवा सरके आणि दृष्टीआड असलेले शब्द समोर येत.

सॉफ्टवेअर : सीपी/एम ही कार्यप्रणाली, वर्डस्टार हा शब्दसंस्कारक, सुपरकॅल्क हे कोष्टकपत्रक आणि बेसिक भाषेच्या दोन आवृत्त्या यंत्रासोबतच मिळत. त्या काळी सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागे व ते महाग असे. ही पेटी मात्र घरी आणली की त्याच दिवशी पत्र लिहिता येई, हिशेब मांडता येई. ग्राहकांना हेच भावले.

अस्त : मागणी महिन्याला १०,००० यंत्रांपर्यंत गेली. पण १९८२ मध्ये आलेल्या केप्रो २ या प्रतिस्पर्धी यंत्रात ९ इंची पडदा व ८० अक्षरांची ओळ होती. पाठोपाठ आयबीएम पीसीशी सुसंगत असा कॉम्पॅक पोर्टेबल आला. ऑसबर्नच्याच नव्या ‘एक्झिक्युटिव्ह’ प्रतिमानाचा आगाऊ गाजावाजा झाल्याने जुन्याची विक्री थबकली, असेही सांगितले जाते. अशा प्रकाराला ‘ऑसबर्न परिणाम’ हे नाव त्यावरूनच पडले. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

महत्त्व : ऑसबर्न १ मधील बहुतेक भाग बाजारात सहज मिळणारे होते. थोर होती ती त्यांची जुळणी. पडदा, कळफलक, साठवण आणि सॉफ्टवेअर एका मुठीत धरून नेता यावे, ही आज गृहीत धरलेली अपेक्षा सामान्य ग्राहकाच्या मनात प्रथम याच पेटीने रुजवली.